चौथी तार

आमच्या धाकटीशी वाद घालायला घरात कोणी फारसं जात नाही. ती ओरडत नाही, रुसत नाही. "बरं, पण" एवढंच म्हणते, आणि त्या "पण"च्या पुढे जे असतं ते झाल्याशिवाय जागची हलत नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या की पोरगी अगदी गरीब आहे, तोंड वर करून बोलत नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शब्द मागे घेतला. न्हाणीघरातला नळ कधीचा गळत होता. घरातले दोन्ही पुरुष येता-जाता त्याच्याकडे बघून "बघायला पाहिजे" म्हणत आणि पुढे जात. धाकटीने शेजारून पाना आणला, दोनदा चुकली, भिजली, तिसऱ्यांदा गळती थांबवली आणि पाना परत देऊन आली. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "ही गरीब नाही गं, ही मुकी आहे. मुक्या माणसाला भ्यावं."

धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या दिराची बायको. दीर बस चालवतात. लग्नाआधी तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, तो मूल शाळेत जायला लागेपर्यंत ट्रंकेत पडून राहिला. मग एके दिवशी मी काम करते त्या हॉस्पिटलात जागा निघाली आणि तिने अर्ज केला. काम कसलं, तर कॉम्प्युटर आणि फोन यांच्या तारा सांभाळायच्या. सासूबाईंना ते काही केल्या पटेना. नुसत्या वायरींकडे बघत बसायला पगार देतात, मग मी तर जन्मभर चुलीकडे बघत बसले, मला काय द्याल, असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या.

मी हॉस्पिटलच्या चादरी-टॉवेलांच्या कोठीत आहे. धुऊन आलेलं मोजायचं, घड्या घालायच्या, वॉर्डात पाठवायचं. समोरच धाकटीची खोली. आत थंडगार, भिंतीला लोखंडी कपाट, त्यात यंत्रं, यंत्रांवर हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि पंख्यांचा सतत घूं घूं आवाज. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं मी दाराच्या अलीकडून पाहिलंय, आणि बाकीचं जेवताना डब्यावर ऐकलंय.

आमच्या हॉस्पिटलची एक लहान शाखा वर डोंगरावर आहे. एक तरुण, बाळंतपणात नवखा डॉक्टर, दोन नर्सा, चार खाटा आणि एक बाळंतपणाची खोली. बाळंतपण अवघड व्हायला लागलं की तिथली मोठी सिस्टर खाली फोन लावते आणि आमच्या डॉक्टर मॅडम इथे बसून तिला एकेक गोष्ट सांगत जातात. वर्षानुवर्षं असं चाललेलं. पण हल्ली फोन आणि बाकी सगळं एकाच वाटेने जायला लागलं होतं. रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, पगाराचे हिशेब, वरच्या रोग्यांचे खाली काढलेले एक्सरेचे फोटो आणि मॅडमचा आवाज, सगळं एकत्र. एका बाळंतपणात मॅडमचा आवाज असा काही तुटायला लागला की सिस्टरला अर्धंमुर्धंच ऐकू येई. तिने स्वतःच्या अकलेने निभावलं. बाई आणि बाळ दोघं वाचली, पण बाईचं रक्त फार गेलं.

ते हॉस्पिटलच्या मंडळापुढे गेलं. मंडळाने सांगितलं, मॅडमचा आवाज धड पोचत नसेल तर डोंगरावर बाळंतपणं नकोत. पुढच्या बैठकीपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर खोली बंद, बायकांनी खाली यावं.

त्या रात्री जेवताना धाकटीने हे सांगितलं तेव्हा दीर घास हातात धरून थांबले. ते त्याच घाटातून बस नेतात. म्हणाले, "माझ्या गाडीत एक झालंय. गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. दुसरं काय करणार मी?" इतक्या वर्षांत त्यांनी हे घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. धाकटीने त्यांच्या पानात भाजी वाढली. मी मनात म्हटलं, आता ही सोडत नाही.

तिचं काम काय होतं ते मला तिने माझ्याच चादरींवर समजावलं. डोंगराकडे जाणाऱ्या तीन तारा भाड्याने घेतलेल्या होत्या. तारा वेगळ्या, पण यंत्राला सांगून ठेवलेलं की ही तिघींची एक जुडी आहे, हिला एकच वाट समज. वर काही पाठवायचं असलं की त्याचे तुकडे होतात, तुकड्यांवर क्रमांक पडतात, ते तिन्ही तारांवर वाटले जातात आणि वरचं यंत्र ते क्रमाने पुन्हा जोडतं. "समजा वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या चादरी तीन ढकलगाड्यांवरून वॉर्डात गेल्या आणि तिथल्या मावशींनी क्रमांक बघून त्या एकावर एक रचल्या." आता एक्सरेचा फोटो म्हणजे मोठं गाठोडं. मॅडमचा आवाज म्हणजे एकेक हातरुमाल. गाठोडी आधी चढली की रुमाल मागे खोळंबतात. तारांना काही माणूस ओळखता येत नाही, जो आधी आला तो आधी गेला.

म्हणजे कोणाला पुढे सोडायचं आणि कोणाला मागे, हे ठरवायला हवं होतं. धाकटी एकेका खात्यात जाऊन विचारायला लागली की तुमचं काम किती तातडीचं. इथे तिची पहिली फजिती झाली, कारण सगळ्यांचंच तातडीचं निघालं. हिशेबनीस म्हणाले, पगार वेळेवर नको असेल तर मला खुशाल शेवटी टाका. एक्सरेवाले काका तर उठूनच उभे राहिले. माझा फोटो पोचला नाही तर हाड काय आपोआप जुळणार आहे का, म्हणाले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी हिच्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सगळीकडे गेली, पण प्रश्न बदलून. तातडीचं आहे का, हे तिने विचारलंच नाही. उशिरा पोचलं तर काय होतं, एवढंच विचारलं. काका म्हणाले, काय व्हायचंय, फोटो उशिरा दिसेल. हिशेबनीस म्हणाले, दोन शिव्या बसतील. रिपोर्ट उशिरा आला तर औषध उशिरा सुरू होईल, हे जरा गंभीर. मग ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "अगं, बोलणं उशिरा पोचलं तर ते बोलणंच राहत नाही."

त्यावरून तिने ओळी लावल्या. सगळ्यांत पुढे आवाज. त्याच्यामागे रिपोर्ट आणि औषधं. मग फोटो, शेवटी हिशेब. आवाजाला पुढे जायचा मान दिला, पण ठरलेल्या जागेपुरताच, नाहीतर मागच्यांची गाडी कधी हललीच नसती. आणि फोटोंची गाठोडी लहान करून टाकली, म्हणजे एखादं गाठोडं चढत असताना आलेल्या रुमालाला फार वेळ तिष्ठत राहावं लागू नये.

आवाज सुधारला. अगदी स्वच्छ नाही, गर्दीच्या वेळी अजून थोडा अडखळायचा, पण सुधारला. सिस्टरने फोन करून सांगितलं की आता मॅडम रागावल्या तरी नीट कळतं.

त्याच सुमारास तिच्या साहेबांनी चौथी तार मिळवली. साहेब माणूस चांगला. मुख्य कचेरीत खेटे घालून, चार जणांची मनधरणी करून त्यांनी ती मंजूर करून आणली होती, धाकटीला मदत व्हावी म्हणूनच. तार जोडली त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. आता रस्ता रुंद झाला, म्हणाले, आता बैठकीची काळजी नको.

आणि आवाज बिघडला. पहिल्यापेक्षा वाईट.

चार तारा असताना तीनपेक्षा वाईट कसं होईल? सगळ्यांनी बोट धाकटीच्या ओळींकडे दाखवलं. साहेबही म्हणाले की आता जागा भरपूर आहे, ती पुढे-मागेची भानगड काढून टाका. ती म्हणाली, बरं, पण मला थोडे दिवस द्या. मग ती तेच तेच करत बसली. आवाजाला आणखी जागा दिली, तरी सुधारेना. आणखी दिली. फोटोंना इतकं मागे रेटलं की एक दिवस सकाळचा फोटो वर संध्याकाळी पोचला. काका तिच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, यापेक्षा मी चालत नेऊन दिला असता. वाटेत चहाही झाला असता." ती हसली नाही. घरी आल्यावरही डोक्यात तेच. मुलाच्या वहीत गणित तपासताना बरोबर उत्तरावर फुली मारली, तेव्हा मुलगाच म्हणाला, आई, तू आज झोप. हट्टाचं हे असंच असतं. एकच स्क्रू फिरवत बसलं की दुसरा दिसत नाही. मी तिच्यासाठी देवापुढे बसले, पण काय मागायचं तेच मला कळेना. तिला समोरचं नीट दिसू दे, एवढंच मागितलं.

वाट दाखवली ती सिस्टरने, तीही तक्रार करता करता. फोनवर म्हणाली की पूर्वी निदान दुपारी तुटायचं, सगळ्यांची कामं चालू असताना. आता तर सकाळी झाडलोट चालू असते, अजून कोणी आलेलंही नसतं, तेव्हाही तुटतं.

धाकटी माझ्या कोठीत आली आणि माझ्या चादरींच्या गठ्ठ्यावरच बसली. म्हणाली, "वहिनी, गर्दीच नसेल तर ओळ कसली? ओळच नसेल तर माझ्या ओळी लावण्यात चूक असली काय नि नसली काय. मी भलतीकडेच शोधतेय."

मग तिने सिस्टरला सांगितलं, फोन चालू ठेवा आणि बोलत राहा, मी इकडे एकेक तार सोडवते. सिस्टर म्हणाली, काय बोलू? काहीही बोला, पण थांबू नका. सिस्टरला एवढं पुरे होतं. तिने आपल्या नणंदेची गोष्ट काढली. नणंद माहेरपणाला येते आणि जाताना घरातली भांडी घेऊन जाते, ती गोष्ट. धाकटीने पहिली तार काढली. नणंदेचे तुकडे तुकडेच ऐकू आले. ती परत जोडून दुसरी काढली. तेच. तिसरी काढली, तरी नणंद अडखळतेच आहे. मग ती जोडून नवी, चौथी काढली, आणि खोलीत आवाज असा खणखणीत आला की मी दारात येऊन उभी राहिले. "आणि मला म्हणते कशी, वहिनी, ही कढई तर मला आईनेच देऊ केली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली, कढई मी गेल्या वर्षी घेतली!"

धाकटीने चौथी पुन्हा जोडली. कढई तुटली. काढली, कढई जुळली. तरी तिने सिस्टरला थांबवलं नाही, गोष्ट संपेपर्यंत ऐकून घेतली. माणुसकी म्हणून असेल, किंवा तिलाही त्या कढईचं पुढे काय झालं ते हवं असेल.

तारेच्या कंपनीत फोन केला तेव्हा कळलं की सरळ वाटेवर जागा शिल्लक नव्हती, म्हणून त्यांनी चौथी तार दुसऱ्या गावावरून, मोठा वळसा घालून नेली होती. तिच्यावरून गेलेले तुकडे उशिरा पोचत. वरचं काय नि खालचं काय, यंत्र क्रमाने जोडणारं, त्यामुळे मधला क्रमांक येईपर्यंत बाकीचे तुकडे हातात धरून ते उभं राहायचं. तीन गाड्या वेळेवर, चौथी सगळ्या इमारतीला फेरी मारून येणारी, आणि मावशी तिची वाट बघत ताटकळलेल्या.

आता हे साहेबांना सांगायचं होतं. बैठक दोन दिवसांवर आलेली. धाकटी गेली आणि मी समोरून बघत राहिले, दार उघडंच होतं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही तार आणायला मी किती उंबरे झिजवलेत, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे साहेब. तार वाईट नाही. तिला या तिघींबरोबर बांधलंय, ते चुकलंय."

"आणि मंडळ विचारेल, चार तारांचे पैसे भरता आणि तीनच वापरता, तर काय सांगू?"

"चारही वापरायच्या. फोटो सगळे चौथीवरून सोडायचे, एकटे. फोटो थोडा उशिरा पोचला तरी फोटोच राहतो. आणि तिघींवरची गर्दीही कमी होईल."

साहेब चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत बसले. शेवटी म्हणाले, "म्हणजे हिला वेगळी चूल मांडून द्यायची म्हणता."

"हो. वेगळी राहिली की नीट नांदेल."

ते हसले. पण म्हणाले की हे मंडळापुढे तुम्हीच बोलायचं, मी मागे उभा राहीन. ती म्हणाली, बोलेन. तिच्या मानेवर घाम आलेला मला इकडून दिसत होता. आजवर तिने सासूबाईंपेक्षा मोठ्या कोणापुढे तोंड उघडलं नव्हतं. त्याच दिवशी तिने चौथी तार जुडीतून सोडवून फोटोंना दिली. काकांना तर आनंद झाला. एक अख्खी तार आपल्या एकट्याच्या नावावर, हे त्यांनी दिवसभर येईल त्याला सांगितलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मंडळी जमत होती, अध्यक्षबाई नुकत्याच येऊन बसल्या होत्या, तेवढ्यात वरून फोन आला. बाळाचं डोकं बाहेर आलं होतं आणि खांदा अडकला होता. मॅडम उठून आपल्या खोलीत धावल्या, दार लोटायचंही राहिलं. अध्यक्षबाई आणि बाकीचे मागोमाग येऊन बोळात उभे राहिले. कोणी त्यांना जा म्हटलं नाही.

साहेब धाकटीच्या दाराशी आले. सगळ्या खात्यांना सांगतो, म्हणाले, काहीही वर पाठवू नका म्हणून. हिशेबनीस तिथेच होते, ते आपलं काम थांबवायला निघालेही. महिनाअखेर होती, सगळ्यांत जास्त ओझं त्यांचंच. धाकटी दारात आडवी उभी राहिली.

"नको साहेब. कोणी काही थांबवू नका. सगळे थांबल्यावर चाललं, तर ते चाललं नाही. उद्या हा फोन येईल तेव्हा कोण थांबणार आहे?"

"बाई, तिकडे जीव अडकलाय."

"म्हणूनच म्हणते. आवाज पुढेच आहे. त्याला कोणी अडवू शकत नाही." आणि हिशेबनिसांकडे वळून म्हणाली, "तुम्ही तुमचं चालू ठेवा."

माझ्या हातात अर्धी घडी घातलेली चादर होती, ती तशीच राहिली. मी नुसतं देवाचं नाव घेत होते. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग हिशेबनिसांना मान हलवून जायला सांगितलं. तेही घाबरले होते, पण गेले.

मॅडमचा आवाज बोळात ऐकू येत होता, आणि फोनच्या स्पीकरवरून वरचा सिस्टरचाही. मॅडम जराही आवाज न चढवता बोलत होत्या. "ओढू नका. तिचे गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही बाजूंनी एकेक जण. आता पोटावर वरून दाबायचं नाही. खाली, हाडाच्या जरा वर, तळहाताने. दाबून धरा." सिस्टर म्हणाली, धरलं. मॅडम म्हणाल्या, "खांद्याच्या मागून. तुमच्याकडे नाही, तिच्या डाव्या कुशीकडे." सिस्टर म्हणाली, कळलं. यातला एक शब्द जरी गळला असता तर हात भलत्या जागी पडला असता, हे त्या बोळातल्या प्रत्येकाला समजत होतं. धाकटी तेवढी तिथे नव्हती. ती आपल्या कपाटासमोर उभी होती आणि पडद्यावर हिशेबनिसांची रास मागे सरकताना आणि आवाजाची बारीक रेघ तिच्या पुढून सरळ जाताना बघत होती.

मग वरून सिस्टर म्हणाली, "सुटला." आणि थोड्या वेळाने बाळ रडलं, तेही बेताचंच, पण रडलं.

बैठकीत धाकटीला फार बोलावं लागलं नाही. अध्यक्षबाईंनी चौथ्या तारेबद्दल विचारलं, तिने सांगितलं, तेही अडखळत, एकदा तर मध्येच थांबून पाणी प्यायली. एका सभासदाने विचारलंच की एवढं सगळं करून नेमकं वाचलं काय. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे न बघता सांगितलं की खोली चालू राहील, फक्त दर महिन्याला जुडीतल्या तिन्ही तारा सोडवून-जोडून तपासायच्या आणि कंपनीने वाट बदलली तर आधी इथे कळवायचं. झालं, पुढचा विषय घेतला.

बाहेर आल्यावर मॅडमनी धाकटीला गाठलं. मला वाटलं, शाबासकी देतात. त्या म्हणाल्या की आवाजाचं ठीक आहे, पण सिस्टर सगळा वेळ फोन मान वाकडी करून खांद्यात धरून होती. तिला दोन्ही हात मोकळे हवेत. याचं काय करता?

दुसऱ्या दिवशी धाकटी पहिल्या बसने वर गेली, दिराच्याच बसने. दिरांनी आधीच बजावलं होतं की तू असलीस तरी गाडी वेळेवर सुटेल. पिशवीत एक स्पीकर, गुंडाळलेली वायर आणि तिचा स्क्रूड्रायव्हर. इतकी वर्षं ती त्या खोलीकडे तारा पोचवत होती, पण खोली तिने पाहिली नव्हती. आत एक उंच टेबल, कोपऱ्यात बेसिन, भिंतीवर दाराशेजारी फोन, टेबलापासून चांगला लांब, रिसीव्हरची वायर ताणूनच कशीबशी तिथवर पोचणारी. आदल्या दिवशीची बाळंतीण पलीकडच्या खाटेवर झोपलेली होती. सिस्टरने धाकटीला चहा विचारला आणि उत्तराची वाट न बघता नणंदेचा पुढचा भाग सुरू केला.

धाकटी म्हणाली, "सांगा, पण इथे या आधी." तिने सिस्टरला टेबलाच्या पायथ्याशी उभं केलं, दोन्ही हात पुढे धरायला लावले, जसे त्या वेळी असतात तसे, आणि मान सरळ ठेवायला सांगितली. मग तिच्या कानाच्या उंचीवर भिंतीला पेन्सिलने खूण केली आणि भोक पाडायला स्टूल ओढून घेतलं.